कुंडीतील ओल आणि चिलटांचा संसार

आषाढ लागला की शहरांतील सदनिकांमध्ये एक लहानसे स्थलांतर घडते. सज्जातील नाजूक रोपे वाऱ्यापावसाच्या माऱ्यातून दिवाणखान्यात येतात. मनी प्लांट खिडकीच्या कट्ट्यावर, अरेका पाम कोपऱ्यात, स्नेक प्लांट दाराजवळ अशी त्यांची मांडणी होते आणि घर हिरवे दिसू लागते. दोन-तीन आठवडे लोटतात आणि एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, कुंड्यांभोवती डासाहूनही लहान अशी काळपट चिलटे भिरभिरताना दिसतात. ती वाचत्या पानावर येऊन बसतात, बोलणाऱ्याच्या तोंडापुढे घिरट्या घालतात, खिडकीच्या काचेवर चढत राहतात. ती चावत नाहीत आणि माणसाला कोणता रोगही देत नाहीत. तरीही त्यांच्या सततच्या वावराने घरातील माणसे त्रासून जातात.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे फवारा. जैन कुटुंबात मात्र हात तेथेच थबकतो. चिलट हा चतुरिंद्रिय जीव. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी या चार इंद्रियांनी जगणारा. त्याला ठरवून मारणे ही संकल्पी हिंसा होय, आणि तिचा त्याग हा श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचा पायाच मानला आहे. मग घरात दोन मते पडतात. तरुण पिढी म्हणते, एवढ्याशा किड्यांसाठी घराने किती दिवस त्रास सोसायचा? ज्येष्ठ म्हणतात, मग रोपेच नकोत; उचला आणि बाहेर ठेवा. दोन्ही मतांमागे चिलटे कुठून येतात याचे अज्ञान असते. ते दूर झाले तर औषधही लागत नाही आणि हिरवाईलाही मुकावे लागत नाही.

चिलटे ओलीमुळे येतात. कुंडीतील मातीचा वरचा थर सतत ओला राहिला नाही, तर त्यांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. म्हणून त्यांच्या बंदोबस्ताचा विचार झारीपासून सुरू झाला पाहिजे.

आधी ओळख पटवावी

घरात उडणारा प्रत्येक बारीक किडा कुंडीतून आलेला नसतो, आणि कारण चुकीचे धरले तर उपायही चुकीच्या ठिकाणी होतो. केळी, चिकू, पेरू यांच्या टोपलीभोवती फिरणारी, तांबूस-पिवळ्या अंगाची आणि लाल डोळ्यांची माशी ही फळमाशी. तिचे मूळ अतिपक्व फळांत व ओल्या कचऱ्याच्या डब्यात असते. न्हाणीघराच्या भिंतीवर निवांत बसलेला, केसाळ पंखांचा, इवल्या पतंगासारखा दिसणारा किडा मोरीच्या नळीतील गाळात वाढतो. पानांच्या मागच्या बाजूस चिकटून बसणारी आणि रोप हलवताच पांढऱ्या भुकटीसारखी उडणारी ती पांढरी माशी. ती पानांतील रस शोषते.

कुंडीतील चिलट या सर्वांहून वेगळे आहे. प्राणिशास्त्रात त्याचा समावेश सायरिडी या कुळात होतो, आणि घरातील कुंड्यांत आढळणारी चिलटे बहुधा त्यातील ब्रॅडिसिया या प्रजातीची असतात. लांबी २ ते ४ मिलिमीटर, रंग राखाडी-काळा, पाय लांब, मिशा मणी ओवल्यासारख्या. उडण्यात ते दुबळे असते. मातीवर तुरुतुरु धावते, थोडे उडते आणि पुन्हा त्याच कुंडीवर बसते. प्रकाशाकडे त्याची ओढ असल्याने दिवसा ते खिडकीच्या काचेवर आणि रात्री दिव्याजवळ सापडते.

कोणत्या कुंडीत त्यांचे घर आहे हे शोधण्यासाठी बागकाम करणारे कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवतात. तीन-चार दिवसांत अळ्या तिच्याखाली जमतात. ज्या घरात कंदमूळ येत नाही तेथेही ओळख अडत नाही. सकाळी प्रत्येक कुंडीच्या कडेला हलकी टिचकी मारावी, किंवा मातीच्या पृष्ठभागाजवळ हात सावकाश फिरवावा. ज्या कुंडीतून चिलटे उठतात तीच मूळ कुंडी. दहा कुंड्यांच्या घरात अनेकदा दोन-तीनच कुंड्या या साऱ्या त्रासाला कारण असतात.

एका चिलटाचा जीवनक्रम

प्रौढ चिलटाचे आयुष्य आठवडा-दहा दिवसांचे असते. तेवढ्या काळात मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात, भेगांमध्ये आणि कुजणाऱ्या पानांखाली शंभराहून अधिक अंडी घालू शकते. साधारण ४ ते ६ दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक असतात. डोके मात्र काळे आणि चकचकीत. या अळ्या सुमारे दोन आठवडे मातीत राहतात, त्यानंतर काही दिवस कोषावस्थेत जातात आणि अखेर चिलट होऊन बाहेर पडतात. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर हे सारे चक्र ३ ते ४ आठवड्यांत पुरे होते.

अळ्यांचे मुख्य अन्न म्हणजे ओल्या मातीवर वाढणारी बुरशी, शेवाळ आणि कुजका पाला. त्यांचा वावर बहुतांशी मातीच्या वरच्या ५ ते ७ सेंटिमीटरांत असतो. सुदृढ, वाढलेल्या रोपाला त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. परंतु संख्या वाढली तर त्या कोवळी मुळेही कुरतडतात. बियांपासून नुकत्याच उगवलेल्या रोपांना, कलमांना आणि आधीच मुळे कुजू लागलेल्या झाडांना हे सोसत नाही. रोपवाटिका व हरितगृहे चालवणारे, तसेच अळिंबीचे उत्पादन घेणारे या कुळातील चिलटांकडे नुकसानीचे कारण म्हणून पाहतात ते यामुळेच.

व्यापारी घराला चक्रवाढीचे गणित समजावून सांगावे लागत नाही. एका मादीची शंभर अंडी धरली आणि त्यांतील निम्म्या माद्या मानल्या, तर पुढच्या पिढीत त्या पन्नास माद्यांची अंडी पाच हजार होतात. निसर्गात सगळी अंडी जगत नाहीत, ही गोष्ट खरी. तरीही या आकड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हवेत उडणारी चिलटे हा जमेचा शेवटचा आकडा आहे. मूळ भांडवल मातीत आहे. उडणारे चिलट दिसते तेव्हा त्याने आपली अंडी बहुधा आधीच घातलेली असतात. म्हणून चिलटे मारून चिलटे कमी होत नाहीत. अहिंसेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही मारण्याचा उपाय तोट्याचा ठरतो.

पाणी कुठे जादा होते

एकत्र कुटुंबात रोपांना पाणी कमी पडल्याची तक्रार क्वचित ऐकू येते. जास्त झाल्याची उदाहरणे मात्र घरोघरी सापडतात. सकाळी आजी प्रेमाने तांब्याभर पाणी घालतात. दुपारी सूनबाईंना पाने मलूल वाटतात, त्या आणखी थोडे घालतात. सायंकाळी कामवाल्या ताई नेमून दिलेले काम म्हणून तिसऱ्यांदा झारी फिरवतात. तिघींचाही हेतू चांगला असतो, पण तिघींमध्ये मिळून हिशेब कुणाकडेच नसतो. उन्हाळ्यात सज्जात एका दिवसात वाळणारी माती पावसाळ्यात बंद खोलीत आठवडाभर ओली राहते, हे लक्षात न घेता पाण्याचा क्रम मात्र तोच चालू राहतो.

पाण्याखेरीज आणखी चार कारणे या ओलीला हातभार लावतात. पहिले कारण कुंडीचे. भेट म्हणून आलेल्या चिनी मातीच्या सुबक कुंड्यांना पुष्कळदा तळाला भोकच नसते. वर माती कोरडी दिसते आणि तळाशी पाणी साचून मुळे कुजतात. दुसरे कारण कुंडीखालच्या ताटलीचे. तिच्यात साचलेले पाणी माती पुन्हा वर ओढून घेते. तिसरे कारण मिश्रणाचे. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे बाजारातील कोकोपीट, पाणी दीर्घकाळ धरून ठेवतो. त्यात पुरते न मुरलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळले की बुरशीला आणि पर्यायाने चिलटांना आयते अन्न मिळते. चौथे कारण स्वयंपाकघराचे. तांदळाचे धुवण, दुधाच्या भांड्याचे विसळलेले पाणी, चहाचा चोथा हे सारे ‘वाया का घालवावे’ म्हणून कुंडीत ओतले जाते. खुल्या जमिनीत ते मुरून जाते. घरातल्या वीतभर कुंडीत मात्र ते आंबते.

जैन परंपरेत पाण्याकडे पाहण्याची दृष्टी येथे मोलाची ठरते. पाणी हे अप्काय, स्वतःच जीव मानलेले. म्हणूनच ते गाळून घ्यावे, मोजून वापरावे, अकारण सांडू नये, असा दंडक घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. कुंडीत गरजेपेक्षा जास्त घातलेल्या एका तांब्यात दोन दोष एकत्र येतात. अप्कायाचा निष्कारण वापर होतो, आणि त्या ओलीत नव्या त्रस जीवांची उत्पत्ती होऊन पुढे त्यांच्या विराधनेचा प्रसंग ओढवतो. ओल आणि जीवोत्पत्ती यांचा संबंध जुन्या गृहिणींना पक्का ठाऊक होता. पावसाळ्यात धान्य, मसाले, पापड आणि लाकूडफाटा यांची ज्या दक्षतेने त्या देखभाल करीत, तीच दक्षता आजच्या घरात कुंडीपर्यंत पोहोचायला हवी.

उपायाचा क्रम

उपायाची सुरुवात एकदम माती वाळवण्यापासून करू नये. वरचा थर कोरडा झाला की त्यातील अंडी व लहान अळ्या तगत नाहीत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. म्हणून ज्या कुंडीत चिलटांचे घर असल्याचे दिसले, तिच्यातील जीवांना आधी सुरक्षित जागी हलवावे आणि त्यानंतर पाणी आवरावे. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कुंडीवर पातळ मलमलीचे फडके हलकेच टाकून ती सज्जात किंवा अंगणात न्यावी. तेथे फडके काढून चिलटांना उडून जाऊ द्यावे. नंतर लाकडी चमच्याने वरचा ५ सेंटिमीटरांचा थर मुळांना धक्का न लावता सावकाश काढावा. ही माती एखाद्या झाडाच्या बुंध्याशी, सावलीत, पाणी वाहून न जाणाऱ्या जागी पसरावी आणि वर थोडा वाळलेला पाला ठेवावा. तेथे अळ्यांना ओलही मिळते आणि अन्नही. त्यांचे चक्र घराबाहेर पुरे होते. काढलेली माती कडक उन्हात वाळवण्याचा सल्ला बागकामाच्या पुस्तकांत सर्रास आढळतो. जिवंत अळ्या असलेल्या मातीला तो लागू करू नये. पाणी गाळल्यानंतर गाळण्याच्या वस्त्रावरील जीव पुन्हा मूळ जलाशयात सोडण्याची जिवाणीची रीत ज्या घरांनी पाहिली आहे, त्यांना या कृतीमागचा विचार वेगळा सांगावा लागणार नाही.

रिकाम्या झालेल्या जागेत कोरडे व पूर्ण मुरलेले खत आणि जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. खत मुरल्याची खूण सोपी आहे: त्याला मातीचा गंध येतो, हाताला ते गरम लागत नाही आणि त्यात पानांचे ओळखू येणारे तुकडे दिसत नाहीत. सर्वांत वर एक-दीड सेंटिमीटर जाड वाळूचा थर द्यावा. वाळू लवकर कोरडी होते, आणि कोरड्या पृष्ठभागावर अंडी घालणे मादी टाळते. कुंडी पुन्हा घरात आणण्यापूर्वी काही दिवस सज्जातील पावसापासून आडोशाच्या जागी ठेवता आली तर अधिक चांगले.

त्यानंतर पाण्याचा नवा क्रम लावावा. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. तेथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, ओल जाणवली तर झारी खाली ठेवावी. बोट घालणे नको वाटल्यास कुंडी उचलून तिचे वजन अजमावावे. ओली कुंडी जड, वाळलेली हलकी, हा फरक आठवडाभरात हाताला समजू लागतो. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांना पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा दिलेले पाणी पुरते. मनी प्लांटची वरची माती वाळेपर्यंत थांबावे. नेचे मात्र कोरडेपणा सोसत नाहीत. चातुर्मासात त्यांची जागा घरात असण्यापेक्षा सज्जातच असलेली बरी.

पाणी खालून देण्याची पद्धत या कामी विशेष उपयोगी आहे. तळाला भोके असलेली कुंडी पसरट भांड्यातील थोड्या गाळलेल्या पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवावी आणि मग उचलून निथळू द्यावी. मुळांना खालून पाणी मिळते, वरचा थर मात्र कोरडाच राहतो. भांड्यातील उरलेले पाणी दुसऱ्या झाडाला घालावे. ताटलीत पाणी साचू देऊ नये. तेथे चिलटांपेक्षाही डासांचा धोका मोठा असतो. गळलेली पाने रोज उचलावीत, कुंड्यांमध्ये हवा खेळण्याइतके अंतर ठेवावे आणि शक्य तेवढा उजेड मिळू द्यावा. अंधाऱ्या कोपऱ्यात रोपही कमी पाणी पिते आणि मातीही उशिरा वाळते.

घरात आधीच उडत असलेल्या चिलटांसाठी सकाळची वेळ योग्य. खोलीतील दिवे बंद करून उजेडाच्या बाजूची खिडकी पूर्ण उघडावी. प्रकाशाकडे असलेली त्यांची ओढच त्यांना बाहेर नेते. काचेवर बसलेल्या चिलटावर पेला उपडा ठेवून, खाली जाड कागद सरकवून त्याला बाहेर सोडणे हे काम मुले आनंदाने करतात. एवढे झाल्यावर धीर धरणे आवश्यक आहे. मातीच्या खालच्या भागात राहिलेल्या कोषांतून पुढील तीन-चार आठवडे तुरळक चिलटे निघत राहतील. ती दिसली म्हणून उपाय फसला असे समजू नये. आठवड्यागणिक संख्या घटते की नाही, एवढेच पाहावे.

बाजारातील उपायांची पारख

बाजारात या चिलटांसाठी पुष्कळ वस्तू मिळतात, आणि त्यांवरील शब्द मोठे आकर्षक असतात. ‘नैसर्गिक’, ‘जैविक’, ‘विषमुक्त’, ‘घरासाठी सुरक्षित’. यांतील एकही शब्द अहिंसेची हमी देत नाही. माणसाला व झाडाला अपाय नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो.

पिवळ्या रंगाच्या चिकट पट्ट्या सर्वांत लोकप्रिय आहेत. पिवळ्या रंगाकडे चिलटे खेचली जातात, डिंकाला चिकटतात आणि तेथेच तडफडून मरतात. फळांचे शिरके व साबणाचे पाणी भरलेल्या वाटीत ती बुडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण कुंडीत ओतले की अळ्या मरतात. ‘बीटीआय’ या संक्षिप्त नावाने मिळणारी जिवाणूंची भुकटी १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात शोधल्या गेलेल्या एका जिवाणूपासून बनते. तो जिवाणू अळीच्या आतड्यात विषाचा परिणाम करतो. रासायनिक कीटकनाशकांच्या तुलनेत ती पर्यावरणाला निश्चितच सौम्य आहे. तरी तिचे काम अळी मारण्याचेच आहे. निंबोळी पेंड हे खत म्हणून सर्वमान्य असले, तरी कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीची कात टाकण्याची व वाढीची क्रिया बिघडवते. चिलटे घालवण्याच्या हेतूने ती मातीत मिसळणे आणि हे परिणाम माहीत असताना मिसळणे, याचा विचार प्रत्येक घराने आपल्या नियमांच्या प्रकाशात करावा.

येथे प्रश्न निर्माण होतो की, माती वाळवल्यानेही काही जीव जाणारच असतील, तर पिवळी पट्टी लावण्यात वेगळे काय? शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले, ते याच विवेकासाठी. गृहस्थाच्या जीवनात दळणे, कांडणे, झाडणे, बांधकाम यांत आरंभी हिंसा घडते. ती शून्यावर आणणे गृहस्थाला शक्य नाही, कमीत कमी करणे शक्य आहे. पट्टी लावण्यात जीवाचा मृत्यू हाच हेतू असतो. माती अन्यत्र नेऊन ठेवण्यात, पाणी मोजून देण्यात हेतू जीवाला वाचवण्याचा व पुढची उत्पत्ती थांबवण्याचा असतो. त्यातूनही जी विराधना राहते ती यतनेच्या पलीकडची. पट्टी आज शंभर चिलटे धरील; पण ओल तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात नवी पट्टी आणावी लागेल, आणि हिंसेचा क्रम अखंड चालू राहील. ओल आटोक्यात आली तर तो क्रमच खुंटतो. ज्यांनी विशेष नियम घेतले आहेत, त्यांनी शंकेच्या जागी गुरुमहाराजांचा सल्ला घ्यावा हे उत्तम.

देवघर, भोजन आणि दिवा

चिलटांचा प्रश्न केवळ त्रासाचा नाही, याची जाणीव देवघरापाशी होते. सायंकाळी आरतीचा दिवा लागला की प्रकाशाकडे ओढली जाणारी ही चिलटे ज्योतीत येऊन पडतात. भक्तीच्या क्षणी होणारी ही विराधना मनाला बोचल्यावाचून राहत नाही. मंदिरांत दिव्याला काचेचे फाणस लावण्याची रीत याच काळजीतून आली. घरच्या देवघरातही, विशेषतः पावसाळ्यात, दिवा उघडा ठेवू नये. त्याचबरोबर देवघराच्या शेजारी ओल्या मातीची कुंडी असू नये. शोभेसाठी हिरवाई हवीच असेल, तर क्वचित पाणी लागणारे रोप निवडावे.

भोजनाच्या जागेलाही हाच नियम लागू आहे. रात्रिभोजनत्यागामागे दिव्याभोवती जमणारे आणि अन्नात पडणारे सूक्ष्म जीव हेही एक कारण सांगितले जाते. जेवणाच्या टेबलावर मधोमध कुंडी आणि तिच्यावर लोंबता दिवा, ही मांडणी चित्रांत सुंदर दिसते. परंतु पावसाळ्यात दुधाच्या पेल्यात चिलट पडण्याची सारी सोय ती करून ठेवते. कुंडी टेबलावरून खिडकीपाशी गेली, तर टेबलाची शोभा फारशी उणावत नाही.

पेढी आणि दुकान

घराहूनही दुकानात हा प्रश्न अधिक लवकर उद्भवतो. पेढीवर, गल्ल्याशेजारी किंवा ग्राहकांच्या बैठकीत ठेवलेल्या कुंड्यांना ऊन मिळत नाही, वातानुकूलित हवेत खिडक्या बंद असतात, आणि दुकान उघडताच पाणी घालणे हे नोकरवर्गाच्या सकाळच्या कामांत नेमून दिलेले असते. रोप पाणी मागते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र कुणाकडेच नसते. कापडाच्या पांढऱ्या ताग्यावर किंवा सुकामेव्याच्या उघड्या परातीभोवती फिरणारे चिलट ग्राहकाच्या मनात मालाविषयी शंका उत्पन्न करते. मालाचा दोष नसतानाही दुकानाच्या नावाला कमीपणा येतो.

यावरचा उपाय व्यापारी माणसाच्या स्वभावातच आहे. कुंड्यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाणी दिल्याच्या तारखेला खूण करावी. महिनाअखेर त्या खुणा मोजल्या, तर किती पाणी अनावश्यक गेले हे कोणी न सांगताही कळते. घरातही हीच पद्धत लावली, तर आजी, सूनबाई आणि कामवाल्या ताई यांच्या तीन झाऱ्यांची एक झारी होते.

दिवाळीत मिठाईऐवजी रोप भेट देण्याची प्रथा व्यापारी वर्तुळात रुजत आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र भेट देणाऱ्याने कुंडीला तळाला भोक आहे ना, मिश्रण फार ओले नाही ना, एवढे पाहूनच खरेदी करावी. सोबत किती दिवसांनी पाणी द्यावे हे सांगणारी चिठ्ठी जोडावी. भेट घेणाऱ्याने, तसेच रोपवाटिकेतून नवे रोप आणणाऱ्याने, ते पहिले तीन-चार आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, सज्जात ठेवावे. चिलटांचे एक चक्र पुरे होण्यास तेवढाच काळ लागतो. त्या मातीत अंडी किंवा अळ्या आल्या असतील, तर त्या बाहेरच आपले आयुष्य पुरे करतील.

मातीची कटकट टाळण्यासाठी काही जण मनी प्लांट बाटलीतील पाण्यात वाढवतात. चिलटांच्या दृष्टीने ही सोय चांगली आहे. परंतु उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूचा डास तर स्वच्छ साचलेले पाणीच पसंत करतो. म्हणून बाटलीचे तोंड देठाभोवती कापसाने किंवा फडक्याने नीट बंद करावे, आणि पहिल्याच दिवशी बंद करावे. डासांच्या अळ्या दिसू लागल्यावर पाणी ओतून देण्यापेक्षा त्यांची उत्पत्ती होऊ न देणे सोपेही आहे आणि निर्दोषही.

पर्युषणापर्यंत घर चिलटमुक्त व्हावे असे वाटत असेल, तर हे सारे चातुर्मासाच्या आरंभीच सुरू करावे. एका चक्राचे चार आठवडे आणि वर आणखी आठवडा-पंधरवडा हाताशी असावा. कार्तिकात हवा कोरडी झाल्यावर कुंड्या पुन्हा सज्जात जातील आणि पाण्याचा क्रम पुन्हा बदलावा लागेल. त्या वेळीही झारी उचलण्यापूर्वी बोटाने माती पाहण्याची सवय सोडू नये.